‘गुणी आहे हो, रडत पण नाही’ : वजन न वाढणाऱ्या एका बाळाचं प्रकरण

सतरा दिवसांची मुलगी. जन्माचं वजन २२४० ग्रॅम, आमच्याकडे आली त्या दिवशी २०७० ग्रॅम. ताप नाही, उलट्या नाहीत, जुलाब नाहीत. घरच्यांचं म्हणणं एवढंच, ‘आईला दूध पुरत नाही, पावडर कुठली सुरू करू ते सांगा.’ आणि त्याच दमात आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘पोरगी मात्र गुणी आहे हो, रडत पण नाही. पाऊण तास पिते आणि चार-चार तास झोपते.’

या प्रकरणातली खरी खबर या कौतुकात होती. भूक लागली की रडून घर जागं करायला अंगात ताकद लागते. ज्या बाळाच्या पोटात पुरेसं जात नाही, ते काही दिवसांनी रडणं कमी करतं, जास्त झोपतं, आणि घरातल्यांना वाटतं बाळ शांत स्वभावाचं आहे. वजन घटलेलं बाळ शांत असेल तर माझी काळजी वाढते.

मी तालुक्याच्या गावी एका बालरुग्णालयात स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. हे सगळं आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे मात्र केसपेपरवरचेच आहेत.

सतरा दिवसांत काय काय झालं

आई पंचविशीतली, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. आठव्या महिन्यापासून रक्तदाब वाढत गेला, म्हणून ३६ आठवडे आणि १ दिवस भरल्यावर कळा आणून प्रसूती केली. बाळ लगेच रडलं, तासाभरात आईजवळ दिलं, चीकही पाजला. वजन बरं होतं, श्वास व्यवस्थित होता, त्यामुळे नवजात अतिदक्षता कक्षात ठेवायची गरज पडली नाही.

अशी बाळं नेमकी इथेच नजरेतून सुटतात. ३४ ते ३७ आठवड्यांच्या मधली बाळं दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखी असतात, फक्त जरा लहान. पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतो आणि पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. गालातली चरबी कमी असते, त्यामुळे तोंडाची पकड ढिली राहते. बाळ दहा-बारा वेळा छान ओढतं आणि दमतं. भूक लागली म्हणून स्वतःहून उठेल असाही भरवसा नसतो. त्याला पूर्ण दिवसांच्या बाळाचा नियम, म्हणजे ‘मागेल तेव्हा पाजा’, लावला तर ते मागतच नाही.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन २०९० ग्रॅम होतं. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनातून सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, आणि ही घट सात टक्क्यांच्या आतच होती. पाचव्या दिवशी अंग पिवळं दिसायला लागलं. दीड दिवस दिव्याखाली ठेवलं. कावीळ असलेलं बाळ सुस्त असतं, सुस्त बाळ कमी पितं, कमी प्यायलं की शी कमी होते आणि कावीळ उतरायला आणखी वेळ लागतो. या चक्रात आईपासून दूर राहणंही आलंच. परत घरी आली तेव्हा २०६० ग्रॅम.

दहाव्या दिवशी दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे वजन भरलं २२५० ग्रॅम. ‘जन्माचं वजन भरून निघालं, काळजी नको,’ असं सांगितलं गेलं, आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

एकीचा मात्र पडला नाही. गावातल्या आशाताई सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी येऊन गेल्या होत्या. घरी येऊन नवजात बाळाची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम २०११पासून देशभर आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. यामागची कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून आलेली आहे. गावातल्याच शिकवलेल्या बाईने घरी जाऊन बाळ बघितलं तर बालमृत्यू कमी होतात हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. तर या ताईंच्या झोळीच्या काट्यावर बाळ दोन्ही वेळा दोन किलोच्या जरा पुढे, त्याच जागी. झोळीच्या काट्यावर बारीक फरक कळत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण आठवडा गेला आणि काटा जागचा हलला नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी बोलून दाखवलं तर घरच्यांनी दवाखान्याचा कागद पुढे केला. ताईंनी वाद घातला नाही. सतराव्या दिवशी स्वतः गाडी ठरवून आई, बाळ आणि आजीला आमच्याकडे घेऊन आल्या.

काटा आणि कुंची

आमच्या काट्यावर बाळाचं वजन अंगावर एकही कपडा न ठेवता करतात. आकडा आला २०७०. आजी एकदम म्हणाल्या, ‘असं कसं? सात दिवसांपूर्वी सव्वादोन किलो होती.’

दहाव्या दिवशी दवाखान्यात जाताना बाळाच्या अंगावर काय काय होतं ते विचारलं. जानेवारीतली सकाळ, मोटरसायकलवरून जायचं, त्यामुळे झबलं, लंगोट, लोकरीचा स्वेटर, कुंची, पायमोजे आणि वर दुपटं. तिथे दुपट्यासकटच काट्यावर ठेवलं होतं. आजही तेच कपडे होते. ते सगळे उचलून मी काट्यावर ठेवले : १८० ग्रॅम. २२५०मधून १८० गेले की राहतात २०७०. म्हणजे दहाव्या दिवशी जेवढी होती तेवढीच सतराव्या दिवशी. आठवडाभरात एक ग्रॅमही वाढ नव्हती.

या वयात बाळाचं वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आठवड्याचे झाले दीडशे ते दोनशे. कुंची आणि दुपट्याचं वजनही तेवढंच. कपड्यांसकट केलेलं एक वजन बाळाची पूर्ण आठवड्याची उपासमार झाकू शकतं. म्हणून मी घरोघरी सांगते : काटा एकच ठेवा, कपडे काढा, लंगोट काढा, शक्यतो पाजण्याआधी वजन करा, आणि कागदावर आकड्यापुढे ‘कपड्यांशिवाय’ असं लिहून घ्या. आज एका ठिकाणी आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी केलेल्या वजनांची वजाबाकी करू नका.

आधी आजार आहे का ते बघणं

वजन वाढत नाही म्हटल्यावर सगळे आईच्या छातीकडे बघतात. आमच्या डॉक्टरबाई आधी बाळाकडे बघतात आणि तोच क्रम बरोबर आहे. नीट पिणारं बाळ अचानक पिईनासं झालं, अंग तापलं किंवा थंडगार पडलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जायला लागली, झटके आले, हाक मारून-चोळूनही बाळ जागं होईना, तर स्तनपानाचा सल्ला घेत बसू नये. ती जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात आणि तासांचा प्रश्न असतो. पिताना कपाळावर घाम येणं, दर दोन घोटांनी धाप लागणं, ओठ निळसर होणं यात हृदयाचा दोष निघू शकतो.

या बाळाचा श्वास मिनिटाला ४८ होता. हृदयात वेगळा आवाज नाही, ऑक्सिजन ठीक. तोंडात बोट घालून टाळा तपासला, फट नव्हती. जीभ खालच्या पडद्याने बांधलेली नव्हती. रक्तातली साखर, कावीळ, थायरॉइड आणि लघवी तपासली. लघवीतला जंतुसंसर्ग काहीही न दाखवता वजन अडवून धरतो, म्हणून ती तपासणी टाळू नये. सगळं ठीक आलं. फक्त अंग जरा थंड होतं, काखेत ३६.२ अंश.

आणखी दोन गोष्टी आजींना विचारल्यावर कळल्या. दिवसभरात चार-पाचच लंगोट ओले होत होते, एकदोनदा त्यावर विटकरी डाग दिसला होता. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर शू व्हायला हवी. शी दिवसातून एकदा, थोडी, हिरवट. काट्याने जे सांगितलं तेच लंगोटही सांगत होते.

पाजताना पाहिलं तेव्हा

‘दूध कमी आहे’ हे निदान बाळ पिताना पाहिल्याशिवाय कुणीही करू नये, डॉक्टरांनीसुद्धा. मी आईला म्हटलं, ‘घरी जशी पाजतेस तशीच पाज, मी फक्त बघते.’

ती पलंगाच्या कडेला वाकून बसली, पाठीला टेकू नाही. बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, मांडीवर उताणं, फक्त मान स्तनाकडे वळवलेली. आपणही मान खांद्याकडे वळवून पाणी गिळून बघावं, म्हणजे त्या बाळाची अडचण कळेल. आईने दोन बोटांच्या चिमटीत स्तन धरला होता आणि बाळाचं नाक दबू नये म्हणून तो मागे ओढत होती. त्यामुळे बाळाच्या तोंडात आलं फक्त बोंड. पहिली तीन मिनिटं गिळल्याचा आवाज स्पष्ट येत होता, कारण पान्हा फुटला होता आणि दूध आपणहून वाहत होतं. मग आवाज थांबला. हनुवटी बारीक थरथरत राहिली, डोळे मिटले, मूठ उघडली. बाळ झोपलं होतं, पण ओठ हलत होते. घरातले ज्याला ‘पाऊण तास पिते’ म्हणत होते त्यातलं पिणं एवढंच, बाकी स्तनावरची झोप.

पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन केलं. फरक ३० ग्रॅम, म्हणजे साधारण ३० मिली दूध. एका वेळच्या मापावर फार विसंबू नये, दिवसभरात प्रत्येक पाजणं वेगळं असतं. तरी अंदाज येतो. या वजनाच्या बाळाला किलोमागे दिवसाला दीडशे मिलीच्या आसपास दूध लागतं, म्हणजे ३१० मिली. घरी दिवसातून सातच वेळा पाजणं होत होतं. सात वेळा तीस, २१०. एवढ्यात जीव धरून राहतो, वाढायला काही उरत नाही. वजन दहा दिवस एका जागी का थांबलं होतं, त्याचा हिशेब तिथेच लागला.

त्यानंतर आईला हाताने दूध काढायला शिकवलं. आधी गरम फडक्याचा शेक, मग अंगठा आणि बोट बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवून, आत छातीकडे दाबून, मग पुढे. बोंड ओढायचं नाही. पहिले दोन-तीन मिनिटं थेंब थेंब आले आणि मग चिळकांडी उडाली. ज्या बाजूला बाळ ‘पिऊन’ झोपलं होतं त्याच बाजूने स्टीलच्या वाटीत दूध जमलं, सिरिंजने मोजलं तर २५ मिली. आजी वाटीकडे बघत म्हणाल्या, ‘एवढं राहिलं होतं होय?’

आई रडायला लागली. आजी चहाला गेल्या तेव्हा सगळं बोलली. ‘ताई, सगळे म्हणतात तुझ्या अंगावर दूधच नाही. सासूबाई रोज फोनवर वजन विचारतात. मला रात्री बाळ झोपलं तरी झोप लागत नाही.’ मी तिला थकवा, जेवण, मनात येणारे विचार, सगळं विचारलं. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. हा प्रश्न विचारायला घाबरू नये. तसं काही नव्हतं, पण पुढच्या प्रत्येक भेटीत तिच्याशी एकटीशी बोलायचं हे मी ठरवून टाकलं. तिचं हिमोग्लोबिन ९.२ होतं, लोहाच्या गोळ्या घरात तशाच पडून होत्या. त्या सुरू केल्या.

क्रम : आधी पोट, मग दूध, मग पकड

अशा वेळी तीन कामं असतात. बाळाच्या पोटात पुरेसं दूध जायला हवं. आईचं दूध टिकायला, वाढायला हवं. आणि बाळाला अंगावर नीट प्यायला शिकवायचं. लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, आई-बाळाला तासनतास झगडत ठेवतात आणि बाळ आणखी दमतं. मी पहिल्यापासून सुरू करते. उपाशी बाळाला पकड शिकवता येत नाही.

ठरलं ते असं. एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत तीन तासांपेक्षा जास्त अंतर नाही, रात्रीसुद्धा नाही; दिवसात किमान आठ वेळा. झोपलं असेल तर दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपाय चोळायचे. आधी अंगावर, दोन्ही बाजूंनी मिळून वीस मिनिटं. गिळणं थांबलं की आईने स्तन हाताने हलका दाबून धरायचा, म्हणजे धार येते आणि बाळ परत गिळतं. त्यानंतर आजीने २० ते २५ मिली काढलेलं दूध बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, द्यायचं. तोवर आईने पुढच्या वेळेसाठी दूध काढायचं. सगळं मिळून पाऊण तासात आटपायचं, नाहीतर बाळंतीण झोपणार कधी?

बसण्याची रीतही बदलली. पाठीला तक्का, मांडीवर उशी, दुपटं बाजूला. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी आत रुतली की नाक आपोआप मोकळं राहतं.

बोंडल्याचं नाव काढल्यावर आजींची कळी खुलली. ट्रंकेत चांदीचं बोंडलं होतं, याच लेकीला लहानपणी पाजलेलं. चोचीची कड बोटाने फिरवून गुळगुळीत आहे ना ते बघितलं आणि दर वेळी उकळून घ्यायला सांगितलं. पहिल्यांदा आजींनी जुन्या सवयीने बाळाला उताणं धरून दूध घशात ओतलं आणि बाळाला ठसका लागला. मग दाखवलं : बाळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठाला लागेल एवढंच कलतं करायचं आणि थांबायचं. बाळ स्वतः जीभ बाहेर काढून लपलप घेतं. ते बघून आजी मनापासून हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामात माझ्यापेक्षा तरबेज झाल्या. बाटली मुद्दाम टाळली. तिची सवय लागली की अंगावर ओढायला बाळ कंटाळा करतं, आणि खेड्यातल्या स्वयंपाकघरात बाटली-बूच नीट उकळणं बोंडल्याइतकं सोपं नसतं.

काढलेलं दूध झाकून ठेवलं की बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही.

अंग थंड होतं म्हणून बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून शाल. तासाभरात काखेतलं तापमान ३६.८ झालं. थंड पडलेलं बाळ प्यायलेलं दूध अंग गरम ठेवण्यात खर्च करतं. घरी खोलीची दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी चालू होती, ती बंद करायला लावली. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुराने आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, इथे तडजोड नाही.

गुटी आणि तिच्याबरोबरचं चमचा-दोन चमचे पाणीही बंद. आजीला वाईट वाटलं, पण दोन किलोच्या बाळाच्या पोटात त्या चमच्यांनी दुधाची जागा जाते, हे वाटीत मोजून दाखवल्यावर पटलं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी मात्र ऐकेनात. ‘मालिश केल्याशिवाय अंग कसं भरणार?’ त्या रोज सकाळी तासभर बाळाला तेल, मालिश आणि कढत पाण्याची अंघोळ घालत. नंतर बाळ चार तास गाढ झोपायचं आणि सगळे खूश. त्या झोपेत एक पाजणं बुडत होतं. मावशींना नाही म्हणण्यापेक्षा काम वाटून दिलं. बाळंतिणीची मालिश पूर्वीसारखी. बाळाला हलक्या हाताने पाच मिनिटं तेल, तेही पाजण्याच्या आधी, म्हणजे बाळ जागं होईल. अडीच किलो होईपर्यंत अंघोळीऐवजी कोमट पाण्याने पुसून घेणं. याला त्या तयार झाल्या.

दूध काढण्याचं कारण आजोबांनी आपल्या भाषेत घरात सगळ्यांना सांगितलं : ‘विहीर उपसत राहिलं तरच झरे मोकळे राहतात.’ यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. आळीव, डिंक, शतावरी खुशाल खा, आईच्या पोटात सकस पडतंय हे चांगलंच. पण स्तन रिकामा झाल्याशिवाय दूध वाढत नाही. रात्री दोनच्या पाजण्याला बोंडलं उकळायचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं. नवरा पिंपरीला नोकरीला, शनिवारी-रविवारी यायचा. सासूबाईंच्या फोनला उत्तर देणं ही त्याची जबाबदारी ठरवली. हे औषधाइतकंच गरजेचं होतं.

आणि पावडर?

आजींच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी स्तनपानाच्या बाजूची आहे, पण बाळाला उपाशी ठेवून स्तनपान वाचवायचं नसतं. वाटीत २५ मिली जमलंच नसतं, तर त्याच दिवशी वरचं दूध सुरू केलं असतं, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने, बोंडल्याने, आणि आईचं दूध काढणं चालू ठेवून. मुंबईला शीवच्या रुग्णालयात १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि आता अशा पेढ्या इतर शहरांतही आहेत. पण ते दूध मुख्यतः रुग्णालयात दाखल असलेल्या नाजूक बाळांसाठी असतं. गावात घरी असलेल्या बाळाला पावडर हाच पर्याय उरतो.

मला खरी भीती पावडरीच्या पाण्याची वाटते. डबा महाग, म्हणून एका चमच्यात जास्त पाणी घालून तो पुरवायचा, हे मी कितीतरी घरांत बघते. बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही आणि पुन्हा दोष आईवर. डब्यावर लिहिलेलं माप म्हणजे माप. आणि पावडर कुठली घ्यायची हे दुकानदाराला विचारू नका. १९९२च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे, ती उगाच नाही.

पुढचे आकडे आणि बारसं

दोन दिवसांनी वजन २१०५. बाविसाव्या दिवशी २२००, सव्विसाव्या दिवशी २३३०. रोजची वाढ तीस ग्रॅमच्या वर गेली होती. चोविसाव्या दिवसाच्या सुमाराला जन्माचं वजन ओलांडलं. अशा बाळांना त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात, हिला थोडे जास्त लागले. लंगोट सात-आठ ओले, शी पिवळी.

मग तिसाव्या दिवशी २३४५. चार दिवसांत फक्त १५ ग्रॅम. आईचा चेहरा उतरला होता. ‘परत दूध कमी झालं का?’ डॉक्टरांनी बाळ तपासलं, ठीक होतं. भिंतीवर चिकटवलेला पाजण्याचा तक्ता आशाताईंनी फोटो काढून आणला होता, त्यात उत्तर सापडलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बारसं होतं. आदल्या दिवशी पाहुणे, त्या दिवशी साठ माणसांचं जेवण, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. चोवीस तासांत पाचच खुणा होत्या. दूध काढायला आईला एकांतच मिळाला नव्हता, दुसऱ्या दिवशी स्तन दगडासारखे घट्ट आणि दुखरे. सुदैवाने ताप नव्हता. शेक, वारंवार पाजणं आणि काढणं एवढ्याने उतरलं. अंग तापलं असतं किंवा लालसर चट्टा आला असता तर औषध लागलं असतं, पण तेव्हाही पाजणं थांबवायचं नसतं.

बारसं करू नका असं मी म्हणणार नाही. लेकीच्या पहिल्या लेकीचं नाव ठेवायचा आनंद त्या घराने का सोडावा? पण पाळण्याजवळच्या खोलीचं दार तीन-तीन तासांनी अर्धा तास बंद राहील, एवढी एक जबाबदार बाई दारावर उभी करावी. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत वाढीला एका दिवसाचा खंडही लगेच आकड्यात दिसतो.

तेहेतिसाव्या दिवशी २४४०. याच सुमाराला एक बदल आला, जो मला वजनाहून मोठा वाटला : पहाटे पाचला बाळ स्वतःहून उठलं आणि ओरडून रडलं. आजींनी काळजीने फोन केला. मी म्हटलं, पेढे वाटा.

मूळ तारखेच्या हिशेबाने बाळाचे दिवस भरून आठवडा-दीड आठवडा उलटला, तशी तिची ताकद वाढली. गिळण्याचे आवाज तीन मिनिटांऐवजी दहा-बारा मिनिटं येऊ लागले. आधी-नंतरचं वजन केलं तर फरक ६० ग्रॅम. तेव्हा बोंडलं कमी करायला सुरुवात केली, आधी दिवसाचं, मग रात्रीचं. एकदम सगळं बंद केलं नाही. दर तीन-चार दिवसांनी वजन बघत एकेक वेळ काढली. ४२व्या दिवशी, दीड महिन्याच्या लशींना आली तेव्हा वजन २७३० होतं आणि बोंडलं रात्रीचं एकदाच. छप्पन्नाव्या दिवशी ३१२०, फक्त आईच्या अंगावर.

तीन महिन्यांना ४०३० ग्रॅम. हा आकडा वाढीच्या तक्त्यावर तीन महिन्यांच्या रेघेवर मांडला तर बाळ कमी दिसतं आणि घरात पुन्हा घबराट होते. चार आठवडे लवकर जन्मलेल्या बाळाचं वय चार आठवडे वजा करून मांडायचं, म्हणजे दोन महिन्यांवर. तिथे ती व्यवस्थित बसते आणि मुख्य म्हणजे रेघ वर चढते आहे. लशींना मात्र ही वजाबाकी लावायची नाही. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, आणि तिच्या वेळेवर झाल्या आहेत. ड जीवनसत्त्वाचे थेंब पहिल्यापासून चालू आहेत, दोन महिन्यांपासून लोहाचे थेंबही, कारण लवकर जन्मलेल्या बाळाला आईकडून मिळणारा लोहाचा साठा अपुरा असतो. आई आता सासरी, पिंपरीला गेली आहे. तिथल्या अंगणवाडीत महिन्याला वजन होईल, कपडे काढून, आणि आकडा ती स्वतः कार्डावर लिहून मला पाठवते.